भिंतीवरचं कापड

माझ्या आत्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामात दोष काढले, आणि त्याचा तिला पगार मिळाला. असं भाग्य फार थोड्यांना लाभतं. बाकीचे हे काम फुकट करतात.

कापड गिरणीच्या तपासणी खात्यात ती होती. तिरप्या काचेखाली दिवे लावलेले असत, काचेवरून कापड संथपणे सरकत जाई आणि आत्या त्याच्यासमोर उभी राहून नुसती बघत असे. गाठ, तुटलेला धागा, तेलाचा ठिपका, मध्येच विरळ झालेली वीण. काही दिसलं की तिचा हात वर जाई आणि कापड थांबे. किनारीला लाल दोऱ्याचा तुकडा अडकवला की हात खाली, आणि कापड पुन्हा चालू. गिरणीत तिला 'भिंग' म्हणत. भिंग आली असं कळलं की विणकर आपापल्या मागाकडे उगाचच संशयाने बघू लागत. घरीसुद्धा तिच्यासमोर नवा सदरा घालून जायची कोणाची छाती नव्हती. "छान आहे," ती म्हणे, "फक्त डाव्या बाहीखाली एक धागा गेलाय."

गिरणीबाहेर तिला एकच नाद होता, रहस्यकथांचा. वाचनालयातून ती पुस्तक आणी आणि कापडासारखीच तपासे. एखादं वाक्य खटकलं, एखादं पात्र जरा जास्तच गोड बोललं, की त्या पानात लाल दोरा. निम्मं पुस्तक होईपर्यंत खुनी तिच्या हाती लागलेला असे. उरलेलं निम्मं ती लेखकाला कधी कळतंय हे बघायला वाचायची. ग्रंथपाल कुरकुरत, "आत्या, पुस्तक वाचून परत करता की शिवून?" पण पुढेपुढे काही वाचक मुद्दाम दोरेवालं पुस्तक मागू लागले, तेव्हा त्यांनी कुरकुरणं सोडलं. तिला आत्या म्हणण्याचा हक्क खरा माझा एकट्याचा, पण तोवर तो साऱ्या गल्लीने वाटून घेतला होता.

मग तिचे डोळे गेले. सगळे नाही, मधलेच. नजरेच्या पडद्याचा काहीतरी आजार होता; कडेचं दिसायचं, पण जिथे बघावं नेमकं तेच नाहीसं व्हायचं. माणसाकडे सरळ पाहिलं की त्याचा चेहरा पुसल्यासारखा जाई आणि कान तेवढे राहत. "तुझे कान अगदी माझ्या भावाचे आहेत," ती मला म्हणाली, "इतकी वर्षं तुझं नाक मध्ये येत होतं म्हणून कळलं नाही."

अक्षरं तर साफ गेली. तेव्हापासून वहिनी तिला वाचून दाखवू लागली. वहिनी म्हणजे आत्याची सून. ती धुलाईच्या दुकानात काउंटरवर असते. दुपारी घरी आली की पाय पसरून बसायची आणि पुस्तक उघडायची. रविवारी तिला सुट्टी, वाचनापासून. त्या दिवशी मी वाचायचो.

आणि त्याच सुमारास आत्याला भिंतीवर कापड दिसू लागलं.

हे आम्हाला फार नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो. सकाळी दादा, म्हणजे तिचा मुलगा, आणि वहिनी कामावर गेले की आत्या घरात एकटी असे. चहाचा कप घेऊन खिडकीशी बसे. आणि समोरच्या कोऱ्या भिंतीवर कापड उलगडू लागे. कधी निळ्या चौकड्या, कधी बारीक वेलबुट्टी, वरून खाली संथ सरकणारी, गिरणीतल्यासारखी. ती घाबरली नाही. निदान कापडाला घाबरली नाही. भीती तिला माणसांची होती. शेजारच्या पोस्टमनकाकांनी म्हातारपणी एकदा सांगितलं होतं की खोलीत मुलं येऊन बसतात. झालं. त्या दिवसापासून त्यांच्या हातातली घराची किल्ली गेली. पुढे पुढे तर चहा गोड झालाय का, हेसुद्धा लोक त्यांच्या सुनेला विचारत आणि काका समोरच बसलेले असत. आत्याने ते जवळून पाहिलं होतं. शिवाय दादा अधूनमधून म्हणतच होता की आईला परगावी ताईकडे, म्हणजे त्याच्या बहिणीकडे, पाठवावं, तिथे दिवसभर घरात कोणीतरी असतं. म्हणजे आत्याच्या तोंडून कापड हा शब्द निघाला असता, तर किल्ली, सकाळ, खिडकी आणि तिच्या शब्दाची किंमत, सगळं एकदम गेलं असतं. म्हणून ती गप्प राहिली, आणि रोज सकाळी कापड बघत राहिली.

अशात ग्रंथपालांनी ते पुस्तक दिलं. "हे वाचून लोक माझ्याशी भांडायला येतात," ते म्हणाले. "निम्मे म्हणतात तो माणूस होता, निम्मे म्हणतात नव्हताच. बघा तुमचं भिंग काय म्हणतं."

आजारातून उठलेली एक बाई ती गोष्ट सांगते. तिच्या मते घराच्या माडीवर एक भाडेकरू राहतो. तो जिन्यात भेटतो, दोन शब्द बोलतो, त्याच्या कोटाचं एक बटण तुटलेलं आहे. नवरा म्हणतो, माडी वर्षभर रिकामी आहे. बस्स, एवढंच. ना खून, ना पोलीस. तरी पुस्तक हातातून सुटत नाही, कारण प्रत्येक पानावर आपण कूस बदलतो: आहे, नाही, आहे.

आत्याचं या पुस्तकाशी वागणं वेगळंच होतं. तिने एकही दोरा मागितला नाही. तिचे प्रश्नही निराळे होते.

"ती त्याला हात लावून बघते का रे?"

"अजून तरी नाही."

"मग कशाची वाट बघतेय?" आणि थोड्या वेळाने, "नवऱ्याने तिची किल्ली काढून घेतली का?"

"आत्या, किल्लीचा यात काय संबंध?"

"असतो," ती म्हणाली. "तू वाच."

एका रविवारी मी खुणेपासून पुढे वाचायला लागलो. डॉक्टर पुन्हा आले आहेत, असं वाक्य होतं. आत्याचा हात वर गेला. अगदी तसाच, गिरणीतल्यासारखा.

"पुन्हा? आधी कधी आले होते?"

"मागच्या प्रकरणात असतील की. वहिनीने वाचलं असेल."

"नाही वाचलं."

मी पानं मागे उलटली. होते की डॉक्टर. चांगली चार-पाच पानं होते. ते बाईला विचारतात, तुम्हाला स्वतःवर विश्वास आहे का, आणि ती रात्रभर त्या प्रश्नाशी झुंजत बसते. मी ते वाचून दाखवलं. आत्या अंग चोरून ऐकत होती.

"हे मी काल ऐकलं?" ती म्हणाली.

"ऐकलं असणार. डुलकी लागली असेल."

"मला दुपारी डुलकी लागत नाही." तिचा अंगठा साडीच्या काठावरून पुढेमागे फिरत होता. आज मला कळतं तेव्हा ती काय मोजत होती. डोळे नसलेलं दाखवतात हे तिला ठाऊक होतं. आता कान असलेलं गाळू लागले, तर उरलं काय?

पण आत्या ती आत्याच. रडत बसली नाही. तिने तपास सुरू केला. मी निघताना दाराशी येऊन हळूच म्हणाली, "उद्या दुपारी ये. सहज आल्यासारखा ये. आणि तिने वाचलेलं नीट ऐक."

"कशासाठी?"

"विचारू नकोस. वाक्यं ऐक, चहा पी."

दुसऱ्या दिवशी मी सहज आल्यासारखा गेलो. वहिनी म्हणाली, "आज काय, रविवार चुकला की काय?" मी चहा घेऊन कोपऱ्यात बसलो. आत्या म्हणाली, "अगं, परवाचं माझ्या नीट लक्षात नाही राहिलं. शनिवारचं प्रकरण परत वाच."

वहिनीने पानं मागे नेली आणि वाचायला लागली. तिचा आवाज मोठा छान आहे. गिऱ्हाइकाला, डाग जाणार नाही, हे ती अशा सुरात सांगते की माणूस डागावर खूश होऊन जातो. दार वाजतं, नवरा उघडायला जातो, इथवर ती आली. मग एक बारीकसा श्वास. पान उलटल्याचा आवाज, लगेच दुसऱ्याचा, तिसऱ्याचा. आणि, "दुसऱ्या दिवशी सकाळी भाडेकरू जिन्यात भेटला..."

"वहिनी," मी म्हणालो, "डॉक्टर दारातच उभे राहिले."

वहिनीचा चेहरा उतरला. आत्याने मात्र हसायला सुरुवात केली. आधी तोंडातल्या तोंडात, मग खदाखदा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"गाळलंस! तू गाळलंस!"

"आई, चुकलंच माझं," वहिनी काकुळतीला आली. "पण त्यात सगळं ते वेड लागल्याचं होतं हो. डॉक्टर, औषधं, भास. म्हटलं तुम्ही सकाळभर एकट्या, डोळ्यांचं हे असं. उगाच मनाला लागेल. म्हणून असे भाग मी आधीपासूनच... थोडे थोडे..."

"आधीपासून? अगं, म्हणजे मी भलतंच पुस्तक ऐकतेय!"

"तुमच्या पुस्तकात तो माणूस खरा आहे," वहिनी ओशाळून म्हणाली. "मी सगळ्या शंका काढून टाकल्या."

"शंका काढून रहस्यकथा! हाडं काढून माणूस उभा करायला निघालीस." आत्या डोळे पुसत होती. "असू दे. म्हणजे माझे कान शाबूत आहेत."

"कानांना काय झालं होतं?"

यावर आत्या काहीतरी थाप मारू शकली असती. तिने नाही मारली. मला वाटतं, इतक्या दिवसांची धास्ती हसण्याबरोबर सैल झाली होती, आणि सैल झालेला धागा ओढला की येतोच.

"कानांना नाही, डोळ्यांना," ती म्हणाली. आणि तिने सांगितलं. चौकड्या, वेलबुट्टी, संथ सरकणं, सगळं. पोस्टमनकाकांची किल्लीही सांगितली.

वहिनीच्या मांडीवर पुस्तक उघडंच होतं.

"आत्ता आहे?" तिने विचारलं.

"आहे. तुझ्या पाठीमागे, कपाटावर."

वहिनी वळली आणि कपाटाकडे बघू लागली. मीही बघितलं. कपाटावर कपाटच होतं. पण वहिनी लगेच मान फिरवून परत आली नाही. ती बघत राहिली, जणू तिला थोडा उशिराने दिसणार होतं. मग म्हणाली, "पोत कसाय?"

आत्याने तिच्याकडे कान वळवला. हा प्रश्न तिच्या हिशोबात नव्हता.

"घट्ट आहे. फार सुरेख आहे. म्हणून तर मला कळलं."

"काय कळलं?"

"की ते नाही. अगं, मी रोज तपासते ना. किनारीपासून किनारीपर्यंत. आजवर एक गाठ नाही, एक धागा कमी नाही. असं कापड कुठल्याही मागावर निघत नाही. माणसाने विणलेलं असतं तर कुठेतरी चुकलं असतं. आणि दुसरं म्हणजे, मला ते स्पष्ट दिसतं. एकेक धागा! तू इथे हाताच्या अंतरावर बसलीस, तर मला तुझं नाक दिसत नाही. हल्ली मला जे स्वच्छ दिसतं ते नसतं. जे धूसर असतं ते असतं. एवढं लक्षात ठेवलं की चालतं."

दादाला हे संध्याकाळी कळलं. तो भला माणूस आहे, पण काळजी वाटली की तो चिडतो. "आणि हे तू आज सांगतेस? उद्या गॅस पेटलाय की नाही, तेही असंच दिसेल! मी ताईला फोन करतो." वहिनी म्हणाली, आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ, मग खुशाल फोन करा. तिने 'खुशाल' अशा स्वरात म्हटलं की दादाने फोन खाली ठेवला.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना नवल वाटलं नाही, उत्सुकता मात्र वाटली. नजर कमी झाली की डोळ्यांकडून मेंदूला पुरेसं काही पोचत नाही, ते म्हणाले, मग मेंदू रिकामा बसण्याऐवजी स्वतःच चित्रं काढतो. कोणाला चेहरे, कोणाला झाडं, कोणाला नक्षी. यात मन बिघडलेलं नसतं. बरेच लोक भीतीने हे सांगतच नाहीत. "तुम्ही कापड तपासता म्हणालात, ते कसं?" त्यांनी विचारलं, आणि बाहेर रांग खोळंबली असताना आत्याकडून ताणा, बाणा, किनार, सगळं समजून घेतलं.

दादाचं समाधान झालं नव्हतं. घरी आल्यावर तो खोलीच्या मधोमध उभा राहिला. "ते ठीक आहे ग. पण मी उद्या सकाळी तुला इथे एकटी सोडून जाणार. मला सांग, आत्ता, या खोलीत काय आहे आणि काय नाही?"

वहिनी म्हणाली, "परीक्षा घेताय का आईंची?"

"घेऊ दे," आत्या म्हणाली. "मीही पोरींच्या घेतल्यात, गिरणीत."

ती उभी राहिली. मान किंचित वाकडी करून, कडेच्या नजरेने, डावीकडून सुरुवात केली. "कपाटावर कापड आहे. आज वेलबुट्टी. पानांच्या शिरासुद्धा दिसतात, म्हणजे ते नाही. खिडकीत काहीतरी हिरवट डागासारखं आहे, ती कुंडी. दारावर पांढुरकं काहीतरी लोंबतंय, ना कडा धड, ना रंग धड. ते आहे." ती दारापर्यंत चालत गेली आणि हात लावला. "चादर. ओली आहे अजून." तिची बोटं काठावरून सरकत गेली आणि एका जागी थांबली. "इथे धागा तुटलाय. कोणी आणली ही?"

"मी," दादा म्हणाला.

"तरीच."

वहिनी तोंडाला पदर लावून हसली. आत्या वळली, दादाच्या दिशेने.

"आणि तो तिथे उभा आहे तो तू. चेहरा नाही, म्हणजे तूच आहेस."

दादा आत गेला आणि फोनवर ताईशी बोलताना ऐकू आला. आई इथेच राहतेय, तो म्हणाला, तूच ये चार दिवस, तिला नवी चादर घेऊन ये, बघून. मग बाहेर येऊन त्याने गॅसच्या बटणांना खरखरीत चिकटपट्ट्या लावल्या, बोटांना कळतील अशा. किल्ली दाराजवळच्या खिळ्यावर होती. तिकडे तो गेलाच नाही.

पुस्तक अर्थातच पहिल्या पानापासून सुरू करावं लागलं. आता मीही रोज दुपारी जाऊ लागलो. सहज आल्यासारखा नाही, उघडउघड. वहिनीने एक शब्द गाळला नाही. उलट डॉक्टर आले की ती आवाज चढवून वाचायची, मागची भरपाई म्हणून. आता आत्या दोरे मागू लागली. पानांतून लाल शेपट्या लोंबू लागल्या.

शेवटच्या पानावर नवरा किल्ली घेऊन माडीवर जातो. बाई खाली जिन्याशी उभी असते. वर दार उघडल्याचा आवाज येतो, मग बराच वेळ काहीच नाही. नवरा खाली येतो आणि म्हणतो, कोणी नाही, रिकामी आहे. आणि त्याच्या हातात एक पेला असतो. तिथे पुस्तक संपतं.

वहिनीने पुस्तक मिटलं. "होता तो. नाहीतर पेला कुठून आला?"

"पेला नवऱ्यानेच आधी ठेवला असेल," मी म्हणालो. "नाहीतर तिलाच दिसला असेल."

"तुमचं पुरुषांचं हेच. बाईला दिसलं की भास!"

आम्ही दोघं आत्याकडे वळलो. निकाल तिचा. ती डोळे मिटून बसली होती.

"माझा पहिला नियम लावला," ती सावकाश म्हणाली. "भाडेकरूच्या कोटाचं बटण तुटलंय. दोष आहे, म्हणजे तो आहे."

"बघा!" वहिनी म्हणाली.

"थांब. दुसरा नियम लावला. त्याचं बटण दिसतं तिला, नखं दिसतात, कॉलरची घडी दिसते. आणि नवऱ्याचा चेहरा तिने अख्ख्या पुस्तकात एकदा तरी सांगितला? कसा दिसतो तो? गोरा, काळा, मिशा आहेत?"

आम्ही आठवू लागलो. मी पुस्तक घेऊन चाळलं. नव्हता. नवऱ्याचा आवाज होता, हात होता, चपलांचा आवाज होता. चेहरा कुठेच नव्हता.

"मग स्वच्छ दिसतो, म्हणजे भाडेकरू नाही," आत्या म्हणाली, "आणि चेहरा नाही, म्हणजे नवरा आहे. पहिल्या नियमाने होता, दुसऱ्या नियमाने नाही. दोन्ही नियम माझेच, आणि दोन्ही खरे आहेत. मी त्यांच्यावर घर चालवते."

"मग आता?" वहिनीने विचारलं.

आत्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते हरल्याचं नव्हतं. कापड थांबवून, मान पुढे काढून, हे नवीनच काय आहे म्हणून बघणाऱ्या बाईचं ते तोंड होतं. आयुष्यात तिने कुठलंही पुस्तक दुसऱ्यांदा वाचलं नव्हतं. एकदा तपासलेलं ठाण पुन्हा काचेवर घ्यायचं नसतं, हा गिरणीचा रिवाज.

"ग्रंथपालांना सांग, पुस्तक अजून थोडे दिवस राहील," ती मला म्हणाली. मग वहिनीकडे हात पसरून, "दोरा दे. आणि पहिलं पान काढ."